पाच पलंगांचं घर

प्रिय चिमे,

तिकिटं झाली. युरोपातल्या त्या राजधानीचं नाव तुझ्या तोंडून इतकी वर्षं ऐकलं, आता एकदाचं जायचं नक्की झालं. नदीकाठी घर भाड्याने घेतलंय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण तुला हवा होता तसा खिडकीतून पूल दिसतो. संग्रहालय सोमवारी बंद असतं हे तू सांगितलंस म्हणून वाचलो, नाहीतर तुझी वहिनी सोमवारच धरून बसली होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहायचं आणि संध्याकाळी आईचं सगळं उरकून तिथली भाषा शिकायची, हे तूच करू जाणे. आमच्याच्याने झालं नसतं.

परवा मुलांना सांगितलं, तुमच्या आत्याला तिथल्या चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. त्यांना खरंच वाटेना. बाबा नेमके तेव्हाच अंथरुणाला खिळले, माझी नोकरी नवी, म्हणून तू राहिलीस. रडली नाहीस की आदळआपट केली नाहीस. भरलेली बॅग उघडलीस आणि कपडे परत कपाटात लावलेस. मी नेईन तुला, असं मी तेव्हा म्हणालो होतो. मग बाबा गेले, आईचं दुखणं सुरू झालं, आणि ते राहूनच गेलं.

आता मुद्द्याचं. त्या घरात पाचच पलंग आहेत. आम्ही दोघं, दोन मुलं आणि तू, असंच धरलं होतं. पण घटस्फोट झाल्यापासून वहिनीची धाकटी बहीण अगदी कोमेजून गेलीय. तिला जरा बदल हवा, असं वहिनीचं म्हणणं पडलं. नाही म्हटलं असतं तर घरात महिनाभर अबोला. तू समजून घेतेस. तेव्हा पाचवं तिकीट तिच्या नावावर काढलं. तू या प्रवासासाठी घेतलेला लांब कोट तिला बसेल असं वहिनीला वाटतं. रविवारी न्यायला येईन, तेवढी इस्त्री करून ठेव. आणि तिथली चार वाक्यं तिला फोनवर शिकव, बिचारी घाबरलीय.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण तू फोनवर गप्प बसतेस आणि मग माझा दिवस खराब जातो. आईसाठी ठरवलेल्या नर्सला मी नको म्हणून कळवलंय. तुझी रजा मंजूर आहेच, मग परकं माणूस घरात कशाला. काल तू दुकानात असताना आईकडे येऊन गेलो. तिला सांगितलं, तूच ऐनवेळी नको म्हणालीस, तिला सोडून तुझा पाय निघत नाही. तिचे डोळे भरून आले. माझी पोर गुणाची, म्हणत किती वेळ माझा हात धरून बसली होती. तिने विषय काढला तर फक्त हो म्हण.

तुझाच,
दादा