गाडी चोरीला गेलेली नाही, फक्त चाकं

बाबा,

अंगणात तुमची लाडकी गाडी चाकांविना ठोकळ्यांवर उभी दिसेल. पोलिसांना फोन करू नका. चाकं मीच नेली आहेत, आमच्या प्रयोगशाळेतल्या मुहन्नदच्या पिकअपमधून.

काल मी टायर बदला म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "टायर गोटा झालेत का? मग तुझी अक्कल प्रयोगशाळेतच ठेवून येत जा." झिजून गोटा नाही झाले, कारण गाडी वर्षभर उभीच असते. पण मस्कतच्या उन्हात रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. आतल्या बाजूला भेगा पडल्यात, माझं नख सहज आत जातं. अशा टायरांवर भर जुलैत वाळवंट ओलांडून सलालाला जायचं, आणि शेजारी आई. मला राहवेना.

शोरूममध्ये तुम्ही सगळ्यांत मोठी चाकं निवडलीत, तेव्हा आपलं वाजलं होतं. तो वाद आता नको. त्याच मापाचे टायर आणते. दुपारपर्यंत बसवून देईन.

आईवर ओरडू नका. तिला काही माहीत नाही, जॅक कुठे आहे एवढंच तिनं सांगितलं.

कहवा थर्मासमध्ये आहे. रागवायचं असेल तर सलालाहून परत आल्यावर रागवा. मी घरीच असेन.

शमसा