स्वच्छ ताटलीतलं शेवाळ

प्रिय अंगद,

आपली भेट एकदाच झाली, तीही वडीलधाऱ्यांसमोर, पोह्यांच्या बशा हातात धरून. तेवढ्या ओळखीवर मी पत्र लिहावं हे धाडसच आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागते. समोरासमोर मला चार वाक्यं जुळवता येत नाहीत, हे तुम्ही पाहिलंच आहे.

नगरमध्ये बसून समुद्री शेवाळाचा अभ्यास कसा करता, असं तुम्ही विचारलं होतं. मी "बरणीत" एवढंच म्हणाले, आणि आई लगेच म्हणाली, "लोनचं घालती जनू." सगळे हसले आणि उत्तर अपुरं राहिलं. ते आता पूर्ण करते.

आमचे सर रत्नागिरीहून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणि उल्वा नावाचं शेवाळ आणतात. हिरवं, पातळ, कोथिंबिरीच्या पानापेक्षाही नाजूक. त्याच्या अंगावर असंख्य जिवाणू राहतात. तुम्ही साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करता. तोडलेला ऊस पडून राहिला की जिवाणू रस आंबवतात, म्हणून ते तुमचे शत्रू. मलाही आधी तसंच वाटायचं. एका ताटलीतलं शेवाळ मी औषधांनी पूर्ण जिवाणूमुक्त केलं आणि दुसऱ्या ताटलीतलं जसंच्या तसं ठेवलं. स्वच्छ ताटलीतलं शेवाळ मेलं नाही. हिरवंही राहिलं. पण त्याला पान फुटलं नाही, तळाशी धरून राहण्याचा भागही आला नाही. नुसता पेशींचा बेढब गोळा तयार झाला. मग त्यात दोन जातींचे जिवाणू सोडले. एकामुळे पेशी नीट विभागू लागल्या, दुसऱ्यामुळे तळाचा भाग आणि पेशींच्या भिंती घडल्या. दोन्ही असतील तरच पान होतं. शेवाळ स्वतः पाण्यात एक द्रव्य सोडून त्यांतल्या एकाला बोलावून घेतं आणि त्याला खाऊही घालतं. पुढच्या पिढीचे बीजाणू पोहत जातात तेही, दगडावर जिवाणूंचा थर जिथे आधीच बसलेला असतो, तिथेच टेकायला बघतात.

घरी आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग धुतलंस कशाला त्येला?"

आईला सगळं सांगण्याची माझी सवय जुनी आहे. वडील गेल्यावर माझ्या शिक्षणासाठी ती तिसगाव सोडून नगरला आली आणि एका खोलीत डबे करू लागली. तिला वाचता येत नाही. भाकरी थापता थापता ती रोज विचारायची, "काय वाचलंस? मला उमजलं तरच तुला आलं म्हनायचं." तिला उमजेपर्यंत मला सुटका नसे. दिवसभर वर्गात तोंड न उघडणारी मी, चुलीशेजारी बसून प्रकाशसंश्लेषण समजावून सांगत असे. दहावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा लोकांनी माझ्या एकांतातल्या अभ्यासाचं कौतुक केलं. एकांत आमच्या खोलीत कधी नव्हताच.

निघताना तुम्ही म्हणालात, "लग्नानंतर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आपण दोघंच असू, तुम्हाला वाचायला निवांतपणा मिळेल." तुम्ही हे मनापासून म्हणालात, म्हणून मला तुम्ही आवडलात. मी मान हलवली, ती होकारार्थी समजली गेली. त्याच संध्याकाळी आईने पितळी डबे पोत्यात भरायला घेतले. "म्या जाते भावाकडं तिसगावला. जावयाच्या घरात सासू शोभत न्हाई," म्हणाली. मामाच्या घरी तिला जेवण मिळेल. तिला कोणी काही सांगणार नाही, आणि तिला कोणी काही विचारूही देणार नाही.

येत्या रविवारी आपली सुपारी फुटायची आहे. त्याआधी सांगायला हवं, म्हणून हे पत्र. आई माझ्यासोबत राहील, आपल्या घरात, कायमची. लोक बोलतील, आणि ते तुम्हालाच अधिक ऐकावं लागेल, हे मला माहीत आहे. तुम्हाला हे जमणार असेल तर रविवारी या, आणि आल्यावर आईला पोत्यातले डबे परत मांडणीवर लावायला तुम्हीच सांगा. माझं ती ऐकत नाही. जमणार नसेल तर शनिवारपर्यंत फोन करा, माझा राग राहणार नाही. सहीच्या वर 'तुमचीच' लिहायची जागा तोवर मोकळी ठेवते.

रुपाली

नगर. स्पीड पोस्टाने रवाना : बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.