मक्खी नाही, बर्र म्हणायचं

१८ सप्टें., गुरुवार
ह्यांचा जीव वाचला. आधी तेवढंच लिहून ठेवते.
सकाळी हे भरवेलीकडच्या विजेच्या लाइनवर कामाला होते. खांबावरच्या डब्याचं झाकण उघडलं, आत गांधीलमाश्यांचं घर. एक मानेला चावली, एक कानामागे. सोबतचे कमलेश भैया मोटारसायकलवरून घेऊन आले, तेही दवाखान्यात नाही, घरी! अंगभर गांधी उठलेल्या, ओठ सुजलेले. आणि मी शहाणीने काय केलं? किल्लीने डंक खरवडत बसले. मग लोखंड म्हणून तीच किल्ली घासली, आई करायची तशी. त्यात दहा मिनिटं गेली.
दवाखान्यात पर्चीच्या खिडकीवर घाईत म्हटलं, “मक्खी ने काटा है।” घरी माशी म्हणतो, तेच हिंदीत केलं. खिडकीतला म्हणाला, “मक्खी? बैठ जाइए दीदी।” बसलो. ह्यांचा घसा घरघरायला लागला तेव्हा कमलेश भैया ओरडले, “बर्र है साहब, बर्र!” मग सगळे धावले. मांडीत इंजेक्शन दिलं.
पंधरा वर्षं शाळेत हिंदी शिकवते मी, आणि गांधीलमाशीला बर्र म्हणतात हे वेळेवर आठवलं नाही. मक्खी म्हणे.

१९ सप्टें.
रात्रभर ठेवलं होतं, आज सोडलं. डॉक्टरीण बाई तरुण आहे, पण स्पष्ट बोलते. बर्र डंक आत सोडत नाही, खरवडायचं काहीच नसतं. जागा धुवा, थंड पट्टी ठेवा, हे साध्या माणसाला. ह्यांना नाही. ह्यांना गांधी उठल्या, श्वास अडला, चक्कर आली, तर लगेच मांडीत इंजेक्शन, आडवं करायचं, पाय वर, आणि सरळ दवाखाना. गोळीच्या भरवशावर राहायचं नाही. औषध, सुई, किती घ्यायचं, सगळं लिहून दिलं.
“अगली बार इतना टाइम नहीं मिलेगा,” असंही म्हणाली. हे ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, “चाय घेतं का?”

२१ सप्टें., रवि.
आज विषय काढला. खांबावर चढणं सोडा म्हटलं.
“अन् काय करू?”
“ऑफिसात मागा काहीतरी.”
“ऑफिसात दोन खुर्च्या हायेत. दोन्हीवर माणसं बसली हायेत.”
पन्नाशीच्या कंत्राटी लाइनमनला कोण खुर्ची देतं.

२५ सप्टें.
परवापासून कामावर. खिशात ठेवायला चिठ्ठी लिहून दिली होती, हिंदीत, ठळक अक्षरात: मुझे बर्र के डंक से जान का खतरा है. लाइनवरच्यांनी वाचली. आता सगळे ह्यांना ‘बर्रवाले भैया’ म्हणतात. चिठ्ठी आज धुवायच्या शर्टात लगदा होऊन सापडली. दुसरी लिहिली.

३० सप्टें.
माझी रोजची कटकट: वासाचं तेल नको. बाह्या पूर्ण. डबे सकाळी ऊन तापायच्या आत उघडा, तेव्हा माश्या सुस्त असतात. चढायच्या आधी खालून नीट बघा, माश्या येता-जाताना दिसतात. दिसल्या तर हात झटकायचे नाहीत, हळू मागे यायचं.
“अवं, लोकं लाइट गेली म्हणून शिव्या देऊन राह्यले, अन् मी डब्याले विचारत बसू का, कोनी हाये का घरात म्हणून?”
हसू आलं मला. मग त्याचाच राग आला.

४ ऑक्टो.
भाच्याने नागपुरात विचारलं. वर्षानुवर्षं घ्यायची लस असते म्हणे, पण गांधीलमाशीची तिथे मिळत नाही. फोन ठेवला आणि भांडी घासली. जेवताना ह्यांना सांगितलं. “बरं,” म्हणाले.

९ ऑक्टो.
सुई शिकले. आधी लिंबावर, साध्या पाण्याने. मग ह्यांनी माझा हात धरून स्वतःच्या मांडीवर ठेवला. “इथं. बाहेरच्या बाजूनं. पँटीवरून दिलं तरी चालते, म्हणली ना बाई.”
मग डोक्यात आलं, मी शिकून काय उपयोग? हे खांबावर असतील तेव्हा मी सातवी ‘ब’ला संधी शिकवत असेन, आणि चक्कर आल्यावर स्वतःची सुई स्वतःला कुठे जमणार. ह्यांनाही कळलं असावं.

१२ ऑक्टो., रवि.
कमलेश भैयांना जेवायला बोलावलं. वांग्याची भाजी, भात, आणि वर लिंबू-सुई. आधी नाही म्हणाले, “भाभी, सुई देख के मैं खुद गिर जाता हूँ।” तीन लिंबं वाया. चौथ्याला बरोबर जमलं. कागद न बघता सगळं म्हणून दाखवलं. आडवं, पाय वर, मग गाडी.
महिन्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं. दुपारी चक्क झोपले.

१६ ऑक्टो., गुरु.
कमलेश भैयांचं कंत्राट संपलं. ठेकेदाराने पुढे वाढवलं नाही. दुपारी येऊन गेले, आत आले नाहीत, दारातच उभे. “दीवाली के मुँह पे, भाभी।” पाणी दिलं.
हे सहाला आले. उद्या हट्टा गावाकडच्या लाइनवर काम आहे, पावसाळ्यापासून तिकडचे डबे कोणी उघडलेले नाहीत.
“सोबत कोण?”
“दुसरा माणूस देतो म्हणले दिवाळीनंतर.”
“आणि उद्या?”
पायातले बूट काढत होते. दुसराही काढला, सरळ लावून ठेवला. “डबा जरा लवकर देजो,” म्हणाले. “सकाळी माश्या सुस्त राह्यतात. तूच म्हणतं ना.”