कॉम्प्युटरमधली बंद खोली

८ एप्रिल, सोमवार
सूनबाईचं डोकं फिरलंय. शुक्रवारी दवाखान्याच्या जिन्याचे नकाशे द्यायचेत, तिचं पहिलंच मोठं काम, आणि कॉम्प्युटर म्हणतो जागा नाही. कशी असेल? एका डब्यात दोन संसार! सुरू केला की विचारतो, विंडोज की पेंग्विन? विंडोज सुनेचं, पेंग्विन, म्हणजे ते लिनक्स, मुलाचं. वर ‘रिकव्हरी’ नावाची बंद खोली, पाच वर्षांत कुणी उघडली नाही. मी चौथी पास, पण अडगळ लांबून ओळखते. जेवताना जाहीर केलं, ती खोली मीच काढणार. सुनेचा घास हातातच राहिला. कौतुकाने.

९ एप्रिल
दुरुस्तीवाल्याला फोन. म्हणे आजी, ती खोली म्हणजे कॉम्प्युटर बिघडला तर नीट करायची सोय आहे, आधी पेनड्राइव्हवर तिची प्रत घ्या, मगच पुसा, नाहीतर थांबा, शनिवारी येतो. शनिवारी! वरातीमागून घोडं.

१० एप्रिल, दुपारी २
प्रत घेतली. दोन तास निळी रेघ सरकत होती, तेवढ्यात मोज्याची टाच विणून झाली. मग खोली पुसली. एका बोटाने! मुलगा इंजिनीअर, पण पाच वर्षांत सुचलं नाही.

दुपारी ४
पेनड्राइव्ह उघडून बघितला. भलत्याच नावांच्या फायली, एक ओळखीची नाही. तोही धुऊन काढला, माझे विणकामाचे चार व्हिडिओ ठेवले. कसा भरल्या घरासारखा दिसतो!

११ एप्रिल
सून म्हणते, जागा अजून नाहीच. रिकामी झाली ती खोली त्या टोकाला, तिची या टोकाला, मध्ये पेंग्विन. मुलगा ऑफिसातून फोनवर ओरडला, आई, हात लावू नकोस. मी भिंत पाडून स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा हा रांगत होता! पेंग्विनला म्हटलं सरक. फार रेंगाळला, मग मध्येच कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं.

संध्याकाळी
पडदा काळा. विंडोज की पेंग्विन, विचारतही नाही. बरंय, तेवढी कटकट गेली. सून पर्स उचलून बाहेर पडली. मला घाम फुटला. उकाडाच फार आहे.

१२ एप्रिल, शुक्रवार
दुरुस्तीवाला आजच उगवला. म्हणजे शनिवार ही नुसती मिजास! प्रत मागितली. ऐटीत दिली. त्याच्या लॅपटॉपवर मीच दिसले: दोन सुलट, एक उलट. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला.

नकाशे मात्र वेळेवर गेले. सोमवारी मी खोलीचं म्हटलं, तेव्हाच ताटावरून उठून सुनेने ते मैत्रिणीकडे पाठवले होते, काल रात्री तिच्याकडेच बसून पुरे केले. माणसावर विश्वास म्हणून नाही!

त्याने स्वतःच्या पेनड्राइव्हने कॉम्प्युटर उठवला आणि सुनेच्या बाजूला एवढं काय भरलंय ते मोजलं. रिकव्हरीची खोली होती पंधरा जीबी. ‘आईंचं विणकाम’ दोनशे दहा.

सून आठवड्यात पहिल्यांदा हसली.

मोजा घालून बघितला. टाच वर आलीय. उसवायला घेतलाय. उसवण्याचा व्हिडिओ मात्र नाही काढला.