जाताना दिवे वाढवावेत

सोमवार, ३ मार्च २०२५, सकाळी ९.१०
फूटपट्टीने पाट्यांच्या कडा मोजत बसलो आहे. ऑफिसात अजून कोणी उगवलेले नाही. महापालिकेच्या या हरित इमारतीचा समन्वयक होऊन मला सात महिने झाले. ऑर्डरवर 'कंत्राटी मदतनीस' आहे. ती टायपिंगची चूक. १९ तारखेला मूल्यांकन समिती येणार. मानांकन मिळाले की मला मुदतवाढ, असे अधीक्षक यशवंतरावांनी कबूल केले आहे. शब्दशः ते "बघू" म्हणाले.

मंगळवार, ४ मार्च
छताला काचा आहेत. दिवसा दिवा लागूच नये अशी रचना. या अडाण्यांनी ऊन लागते म्हणून काचांवर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अंथरला आणि खाली ट्यूबा लावून बसले. घरी जाताना निम्म्या तशाच सोडतात. फ्लेक्स काढायला वर चढलो होतो. फोटो कोणाचा ते पाहून उतरलो. सात पाट्या लावल्या : 'जाताना दिवे विझवावेत.' ऱ्हस्व-दीर्घ निर्दोष.

गुरुवार, ६ मार्च
पाट्या काढल्या. सफाईच्या शालनबाई म्हणाल्या, भरल्या जागेत दिवा विझला म्हणत्यात व्हय रं? यशवंतरावांनीही मान डोलावली. असल्या लोकांना सौरऊर्जा समजवायची! असो. आई घरी 'दिवा विझव' म्हणत नाही, 'दिवा वाढव' म्हणते. बांगडी वाढवतात, नारळ वाढवतात, तसे. यांना अस्सल मराठीनेच गार करणार.

सोमवार, १० मार्च
नव्या सात पाट्या, स्वखर्चाने : 'जाताना दिवे वाढवावेत.' शालनबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, आता कसं बोललास! कॉम्प्युटरवरच्या स्वप्नालीने विचारले, दादा, आधी तर कमी करा म्हणत होता ना? एम.कॉम. झालेली मुलगी. खुलासा करणे माझ्या पदाला शोभले नसते. एवढेच म्हणालो, लिहिलंय तसं करा.

मंगळवार, १८ मार्च
शिस्त आली. निघताना जो तो उठून बटणांकडे जातो, असे ऐकतो. मला स्वतःला साडेपाचलाच निघावे लागते, तळेगावची गाडी असते.

बुधवार, १९ मार्च
समिती साडेनऊऐवजी साडेआठला आली. मी पोचेपर्यंत सगळे संपले होते. रात्रभर सगळे दिवे चालू. जिन्यातले, संडासातले, पार्किंगमधलेही. समितीच्या मॅडमनी विचारले, हे काय? रखवालदार ज्योतीराम म्हणाला, मॅडम, पाटीच हाय तशी. पैलं निम्मे ऱ्हायचे, आता जाताना समदे वाढवत्यात. मानांकन गेले. यशवंतराव म्हणाले, राजा, तुला वीज वाचवायला ठेवलं होतं की भाषा? मी म्हणालो, साहेब, शब्दकोश दाखवतो. ते म्हणाले, घरीच वाच. आता वेळच वेळ आहे.

शुक्रवार, २१ मार्च
मुदतवाढ नाही. माझ्या पाट्यांच्या जागी स्वप्नालीने स्केचपेनने लिहिलेला कागद चिकटवला आहे : 'लाईट बदं करा.' अनुस्वार द वर! आणि काल सहा वाजता म्हणे अख्खी इमारत काळीकुट्ट. निरक्षर, निर्लज्ज ऑफिस.
खर्च : चौदा पाट्या, १,१२० रुपये. बिल नामंजूर. देणे : पाटीवाल्याचे ६२०. संध्याकाळी त्याने रस्त्यातच गाठले. भाऊ, राहिलेले कधी देताय?
मी म्हणालो, बघू.