चार खटके

१२ जानेवारी १९९७, रविवार

आज सांगलीत आले. सकाळी दहिवडीत यष्टीत बसले, विट्याला गाडी बदलली, दुपारी लेकाच्या दारात. लेक माझा प्रबुद्ध, पाटबंधाऱ्याच्या हापिसात कारकून. सून माया, शाळेत बाई. दोघांनी शहराच्या पार कडंला नवं घर बांधलंय. माझ्या नावाची खोली न्हाई पण माझ्या नावाची खाट हाय. आजवर एक शेळी सोडली तर माझ्या नावाचं कायबी नव्हतं. शेळी जावंकडं ठेवून आले. शेळीची आठवण येती, जावंची न्हाई.

ही वही मायानं दिली. गावात साक्षरतेच्या वर्गात लिहाय शिकले ते इसरू नये म्हणून रोज लिहा म्हणाली. वाचणार कोण, तर मीच. म्हणून मनाला येईल तसं लिहिणार.

शेजारी एकच घर, दुमजली, मागं त्यांचाच ऊस. मालकीण बनुबाई, माझ्याच वयाच्या. लेक शंभूराज मिल्ट्रीत. शेती बनुबाईंचा भाऊ हंबीरराव बघतो, त्यो तिथंच राहतो. सून विजयमाला, सव्वीसेक वर्षांची, औंधची. मला आजी म्हणाली. मी म्हटलं, आमच्या माणच्या माणसाला औंध म्हंजी शेजारच. ती हसली, हसली की तिचं डोळं बारीक होतात.

१९ जानेवारी, रविवार

आज आमच्यात फोन आला, त्यो बी बिनतारी. शंभूराज सुट्टीवर आलाय, त्यानं एकसारखे दोन आणले, एक त्याच्या घरला, एक आमाला. पेटी भिंतीच्या तारेला लावून ठेवायची आणि दांडकं हातात घेऊन हिंडायचं, पार शेवग्यापतुर. मी शेवग्याखाली उभं राहून जावंशी बोलले. तिला म्हटलं, मी झाडाखाली हाय. ती म्हणाली, थापा मारू नका. लय बरं वाटलं.

पेटीवर एक लाल दिवा हाय. कोण बोलाय लागलं की पेटतो.

दुपारी दोघं बाजारला गेली. मी उगाच दांडक्याचं बटण दाबलं तर आत विजयमाला तिच्या भावाशी बोलत होती, आवाज असा की जणू माझ्या मांडीवर बसलीया. मी गप ऐकत राहिले. भाऊ जोतीराम, पोरगेलाच, कुणाच्या तरी बैलाची लात बसली त्याला, त्याचं कवतिक. हसू दाबून दाबून पोट दुखलं.

२६ जानेवारी, रविवार

प्रबुद्धला आज झेंड्याची सुट्टी तशी रईवारचीच. त्यानं फोन उलटा केला. पेटीच्या पोटात चार बारके खटके, दांडक्याच्या पोटात बी चार. म्हणाला, कारखान्यातनं समदे एकाच खुणेचे येतात. शेजारची खूण तीच असली तर त्यांचं बोलणं आपल्यात, आपलं त्यांच्यात. वर त्यांच्या दांडक्यानं आपल्या लाईनीवरनं कुणालाबी फोन लागतो. आई, घराला कुलूप लावतो तसं हे फोनचं कुलूप. त्यानं खटके फिरवले. शंभरेक पावलांतच काय त्यो गोंधळ होतो म्हणाला.

मी व्हय व्हय म्हटलं.

२८ जानेवारी, मंगळवार

खरं लिहिते, वही माझीच हाय. काल दुपारभर घर गप होतं. रेडिओ लावला, बंद केला. आज केसाची पिन घेतली आणि आठच्या आठ खटके होते तिथं नेऊन ठेवले. अडाणी म्हणतात मला, पण कुठला खटका वर आणि कुठला खाली ते माझ्या बरूबर ध्यानात होतं. प्रबुद्धला वाटतंय कुलूप हाय.

आपल्या पोटच्या पोराला फसवलं. संध्याकाळी त्याला आवडतं म्हणून मासवडी केली. त्यो म्हणाला आज काय विशेष.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज लय लाजले. शंभूराज पलटणीत परत गेलाय. विजयमाला जोतीरामला सांगत होती की आता इथं न्हाई राहायचं, गुरुवारी सकाळी मिरजेच्या स्टँडावर ये, मी निघते, परत येणार न्हाई. तिचं नर्सचं शिक्षण झालंय, तिथल्या दवाखान्यात जागा मिळाली, पर सासू सोडत न्हाई. तेवढ्यात माझ्या कुकरनं शिट्टी दिली. भावानं फोन ठेवला. ती तशीच राहिली आणि हळूच म्हणाली, आवं आजी, तुमचा कुकर रोज ऐकते मी. ऐका, पर कुणाला सांगू नका. मला बरं वाटतं, कुणीतरी हाय म्हणून.

दांडकं ठेवलं. पर आतनं गोड वाटलं. या गावात माझं एक माणूस झालं.

५ फेब्रुवारी, बुधवार

कसं झालं तेच कळत न्हाई. बनुबाईंच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. हिकडचं तिकडचं बोलणं. माझं तोंड एकदा सुटलं की मला बी आवरत न्हाई, आमचे हे म्हणायचे, हिच्या तोंडाला दावं पायजे. मी म्हटलं, उद्या सूनबाई माहेरला चालली न्हवं, तिला म्हणावं येताना कंदी पेढं आण.

बनुबाईंचा हात थांबला. म्हणाल्या, तुमाला कुणी सांगितलं. मी म्हटलं, तीच म्हणाली. त्या म्हणाल्या, असं व्हय. आणि परत शेंगा फोडाय लागल्या.

तिचंच नाव घेतलं मी. फोनचं सांगायची लाज वाटली म्हणून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

विजयमाला दिसली न्हाई. वाटलं गेली, सुटली. मग बनुबाई आल्या. त्यांच्या फोनचं दांडकं सापडत न्हाई, तुमच्यात आलंय का बघा. मी समदं घर बघितलं. सून कुठं हाय म्हटलं तर म्हणाल्या, गेली की माहेरला, तुमीच न्हाई का सांगितलंत.

त्यांच्या वरच्या खोलीची खिडकी बंद होती. खाली टेपरेकॉर्डर दिवसभर वाजत होता. मोठ्यानं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी बनुबाई आमच्यात चहाला. आपणहून आल्या, आजवर कवा उंबरा ओलांडला नव्हता. मला त्याचंच अप्रूप, बशी नवी काढली. पेटीवरचा दिवा लागला. घंटी न्हाई, नुसता दिवा. मी दांडकं कानाला लावलं.

आजी, ठेवू नका. वरच्या खोलीत कोंडलंय. त्यांनी आमच्या पेटीची तार काढलीया, तुमच्या पेटीवरनं औंधला लावते. फकस्त ठेवू नका.

बनुबाई बघत होत्या. कुणाचा वं, म्हणाल्या. मी म्हटलं, चुकून लागला. त्या म्हणाल्या, मग ठेवा की. मी ठेवला. दिवा जाईना. बनुबाई त्या दिव्याकडं बघाय लागल्या आणि मी—मी उठून भिंतीतनं फोनची पिनच काढली. वर म्हटलं, बिघडलंय मेलं.

त्यांनी चहा संपवला. चांगला झालाय म्हणाल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

प्रबुद्धला सांगायला पायजे. सांगायचं तर खटक्याचं निघणार. आई चोरून शेजाऱ्यांचं ऐकती हे सूनबाईला कळणार, गुरुवारचं मीच बोलले हे कळणार. सकाळभर त्यो घरात होता. मी भाजी निवडत बसले.

दोघं बाहेर गेल्यावर भिंतीतली पिन परत लावली. दिवा लागलाच. मला ते बघवंना. केसाची पिन घेतली आणि आठ खटके फिरवून कुलूप लावलं. दिवा गेला.

मनाला म्हटलं, आज न्हाई तर उद्या सोडतील. सासूच हाय, वाघीण न्हाई. जेवले. दुपारी झोप बी लागली. ती झोप मला आता—

१० फेब्रुवारी, सोमवार

हंबीररावानं मागच्या रानात पाचट पेटवलं. ऊस तोडून तीन आठवडे झाले, आणि उत्तरंच्या एकाच कोपऱ्यातलं पाचट ढीग करून ठेवलं होतं. चार वाजता पेटवलं ते सूर्य बुडंपतुर जळत होतं. पाचट इतका वेळ जळत न्हाई. आमी शेतातलीच माणसं, मला ठावं हाय.

मी पडवीत भाकरी खात होते. वारं आमच्याकडंच येत होतं. मी उठून आत गेले न्हाई. भाकरी संपवली.

टेपरेकॉर्डर बंद हाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जोतीराम आला, गुरुवारी स्टँडावर वाट बघून गेला होता, फोन बी लागंना म्हणून आला. मिसरूड बी नीट न्हाई. बनुबाईंनी त्याला समदं घर दाखवलं. वरच्या खोलीला ताजा चुना. त्या म्हणाल्या, गुरुवारीच गेली, तुमच्यात न्हाई तर कुठं गेली ते तिलाच ठावं, आमच्या तोंडाला काळं फासून गेली. मग त्यो आमच्या दारात आला. आजी, तुमी कवा बघितली तिला. ती फोनवर तुमचं लय सांगायची.

मी म्हटलं, मी नवीन हाय, मला काय म्हाईत न्हाई.

त्यो वाकून पाया पडला. चिठ्ठीवर नंबर लिहून दिला.

१३ फेब्रुवारी

बनुबाईंच्या कपाटात दांडकं परत आलंय. पुसून ठेवलंय. एका बाजूनं वितळलंय, बटणं एकमेकांत गेलीत. मी बघतीया हे त्यांनी बघितलं. म्हणाल्या, चुलीजवळ राहिलं होतं.

१४ फेब्रुवारी

दुपारी दिवा लागला. कुलूप हाय. आठी खटके बघितले, कुलूप हाय.

आमी छप्पन सालात देव्हारा उचलला. भूतखेत न्हाई, माणसाचं मन हाय, हे मी बापाच्या मांडीवर ऐकलंय. गावात कुणाच्या अंगात आलं की मीच हसायची.

दांडकं उचललं न्हाई.

१५ फेब्रुवारी

कुकर लावला. पयली शिट्टी झाली आणि दिवा लागला. उचललं. आजी, ठेवू नका. तोच आवाज, तसाच हळू, रुसवा न्हाई, राग न्हाई. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ठेवला.

१६ फेब्रुवारी

भिंतीतली पिन काढून ठेवलीया. तार माझ्या हातात हाय.

दिवा लागलाय.

मायानं विचारलं, आत्या, भरदुपारी शाल का पांघरलीय. म्हटलं, थंडी. ती म्हणाली, फेब्रुवारीत.

१७ फेब्रुवारी

ती तेवढंच म्हणती. ठेवू नका. औंधला लावते.

जिवंत होती तवा तेवढंच मागितलं. लाईन द्या. मी कुलूप लावलं. आज केसाच्या पिनीनं काढलं. आठी खटके उघडे. आता लाव बाई, म्हटलं. लाव तुला पायजे तिथं.

कायबी न्हाई. दिवा नुसता जळतोय. ती माझी वाट बघतीया. मला लावाय पायजे—

१८ फेब्रुवारी, दुपार

भिंतीतली पिन लावली, चिठ्ठीवरला नंबर लावला. जोतीरामनंच उचलला. समदं सांगितलं. गुरुवारचं मी बोलले. पिन मी काढली. कुलूप मी लावलं. पाचट जळत होतं तवा मी भाकरी खात होते. मग म्हणाला, आजी, तुमच्यासंगं कोण हाय.

कुणी न्हाई, मी एकटी.

म्हणाला, मागनं ताई बोलतीया, ऐका.

मला ती ऐकू आली न्हाई. मला खोकला ऐकू आला. लाईनीवरच, जवळ. बनुबाईंचा. वितळलेलं असलं तरी त्यांचं दांडकं चालत असंल, काय की, पर खटके तर मीच उघडे—

मी इचारलं, ताई काय म्हणतीया.

त्यो रडत होता. म्हणाला, एकच म्हणतीया. आजीला सांग, कडी लाव.

फोन गेला. दिवा बी गेला. परवापासनं पयल्यांदाच गेला.

लिहून ठेवते, कुणाला तरी वाचाय मिळावं. विजयमाला. औंधची. वरची खोली, मग मागचं रान, उत्तरंचा कोपरा. हंबीरराव आणि—

पडवीत वहाणा. दोघांच्या. बनुबाई हाक मारतात, बाळाबाई, निजलासा व्हय, किती गोड आवाज. कडी पडवीच्या दाराला हाय, तिथंपतुर जायचं तर वही हितं उघडी राहती, आणि वही लपवायची तर दार—

जोतीराम, वही खाटंच्या