तुसाच्या राखेतलं चाक

ता. ३० जाने. ५५, रवि.
कर्नाळ्याच्या उतारावर गाय आडवी आली. तिला वाचवायला गेलो नि पुढचं डावं चाक मैलाच्या दगडावर. गाय निघून गेली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. रिम एका बाजूनं आत दबली. स्टेपनी मागल्या वर्षीच चोरीला गेलेली. गाडी लंगडत पनवेलला आणली. स्टीअरिंग थरथरत होतं. कुणाला खरचटलं नाही, देवाचे उपकार.
पण सात तारखेचं काय?

ता. ३१, सोम.
इब्राहीम मिस्त्रीनं गॅरेजात चाक वाजवून पाहिलं. "चाचा, बदलाच. एकदा वाकलेल्या लोखंडाचा काय भरवसा? मुंबईहून मागवतो. नऊ तारखेला हातात."
नऊ! दहाला आमची सारा नवऱ्याबरोबर इस्रायलला निघणार. परत कधी, ते घरात कुणी विचारत नाही.
चार वर्षांची असताना तिला टायफॉईड झाला होता. तेव्हा नवस बोललो. पोर वाचली तर अलिबागकडच्या खंडाळ्याला नेईन, आम्हा यहुद्यांचे पैगंबर एलियाहू हन्नाबी यांच्या रथाच्या चाकाची खूण दगडात आहे तिथं पोहे-गुळाचा मलिदा करीन. पोर वाचली. नवस चोवीस वर्षं राहिला. डॉक्टरसाहेबांची ड्रायव्हरी, उरसाला कधी सुट्टी नाही. यंदा उरूस सातला. रिबकाचे गुडघे एस.टी.ची पायरी चढत नाहीत, आणि आईशिवाय सारा जायची नाही.
साहेबांनी पनवेल सोडताना गाडी मला दिली. त्यांचे उपकार. नाहीतर चाकाची काळजी करायची तरी माझी लायकी होती का.

ता. १ फेब्रु., मंगळ.
धोंडू चाकवाला दारात. बैलगाडीची चाकं करतो, सात गावं त्याच्याकडे येतात. "डायवरकाका, लोकं चाकासाठी पनवेलला येतात नि तुमी मुंबईस्नं मागवता? आमी काय मेलो?"
विचार करतो म्हणालो. आतून रिबका, "द्या त्याला. तुमचा विचार होईस्तोवर सारा तिकडे आजी होईल."
तरी आज दिलं नाही.

ता. ३, गुरु.
काल दिलं. आज धोंडूनं रिम भट्टीत लाल केली, लाकडी ठोकळ्यावर ठोकली, खुंटीपुढं फिरवून पाहिली. एका रेषेत! मी इकडे खूश, आणि त्यानं घागरभर पाणी ओतलं. फस्स. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसवून ओततात तसं. हाताची सवय.
इब्राहीम बघायला आलेला, त्यानं कपाळ धरलं. "अरे धोंड्या, धाव आहे का ती? ठिसूळ झालं ना! दगड लागला तर बिस्किटासारखं मोडेल."
"इतकी वरसं पानी घालतंय. एक चाक नाय मोडला."
बोलला खरा, पण तोंड उतरलं. त्याची बायको सांगत होती, दुपारचा जेवला नाही. मी तरी कुठे जेवलो. न्यावं तर रिबका नि सारा त्या चाकावर. न न्यावं तर नवस...

ता. ४, शुक्र.
दिवे लागायच्या आत लिहून ठेवतो. दुपारच्या नमाजानंतर इब्राहीम आपणहून धोंडूकडे गेला. दोघांनी चाक पुन्हा तापवलं. या वेळी पाणी नाही, भाताच्या तुसाच्या गरम राखेत पुरलं.
"सावकाश निवू दे, चाचा, म्हणजे ठिसूळपणा जाईल. उद्या संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही."
म्हणजे नेमका आमचा शब्बाथ, कामाला हात न लावायचा दिवस. सारा म्हणाली, "चाकसुद्धा पाळतंय, बाबा." किती दिवसांनी हसली.

ता. ६, रवि.
काल लिहायचं नव्हतं. राख उकरून बघावी असं शंभरदा वाटलं. गेलो नाही. तारे दिसले, शब्बाथ सुटला, तेव्हा गेलो. धोंडूनं गोणपाटानं पुसून माझ्या हातात दिलं, जसं काही मूल.
इब्राहीमनं ते मागे बसवलं, मागचं चांगलं पुढे घेतलं. म्हणे, पुढचं मोडलं तर गाडी रस्ता सोडते. आज पेणपर्यंत जाऊन आलो. धोंडू हट्टानं त्याच चाकावरच्या बाजूला बसला. "मोडला तं पयला मी." थरथर नाही. त्याच दगडाजवळून जाताना डोळे मिटावेसे वाटले, पण चालवत मीच होतो.
मुंबईचं चाक इब्राहीमनं रद्द केलेलं नाही. मीही कर म्हटलं नाही.

ता. ७, सोम. खंडाळा.
पोचलो. झाडाखाली बसून लिहितो आहे. पोहे, गूळ, खोबरं, फळं, सगळं साराच्या हातानं झालं. रिबका माझा खांदा धरून दगडापर्यंत चालली. खूण मी लहानपणी पाहिली होती, तेव्हा सरळ वाटली होती. आज एका बाजूनं जरा वाकडी दिसली. फार बरं वाटलं.
धोंडूचा नि इब्राहीमचा मलिदा वेगळा बांधून घेतला.
"बाबा, नवं चाक आलं की हे काढणार?"
"बघू."
"पत्रात कळवा."
कळवीन म्हटलं. परतीचा कर्नाळा अजून आहे. चाकाला हात लावला, उन्हानं तापलंय. सारा तांब्यातलं उरलेलं पाणी तिथंच ओतणार, इतक्यात मी ओरडलो, "पाणी नको!" रिबका हसून हसून खालीच बसली. आता तिला उठवायचं आहे.